भाकरी, भात की चपाती? ताटातील कर्बोदकांची निवड शेतापासून करू या

रब्बी ज्वारीच्या शिवार फेरीत खोडमाशी, काणी, कडबा असे सगळे प्रश्न संपले की बांधावर चहा घेताना एक प्रश्न हमखास येतो. गेल्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातल्या एका काकांनी तो असा विचारला, "साहेब, डॉक्टरांनी भात बंद करून भाकरी खा म्हणून सांगितले. सहा महिने झाले, भाकरीच खातोय. रक्तातली साखर काही हलत नाही." एका वेळेला किती खाता, असे विचारल्यावर म्हणाले, "चार. कामाच्या दिवशी पाच."

घरी गेल्यावर काकूंनी एका भाकरीसाठी परातीत घेतलेले पीठ आम्ही बियाण्याच्या काट्यावर तोलले. ९० ग्रॅम भरले. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे एका भाकरीत ६१ ग्रॅम आणि चार भाकरींत जवळपास २४५ ग्रॅम. एवढी कर्बोदके मिळवायला ३०० ग्रॅमहून जास्त कच्च्या तांदळाचा भात खावा लागेल. काकांनी धान्य बदलले होते, पण पोटात जाणारा एकूण ढीग तेवढाच राहिला होता.

ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये चांगली आहेत यात शंका नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून मात्र त्यांच्याविषयी इतके बोलले गेले की अनेकांना ती औषधच वाटू लागली आहेत. ताटातली कर्बोदके निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: दाणा किती अख्खा राहिला आहे, तो किती खाल्ला जातो आणि सोबत काय आहे. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीचा निर्णय बऱ्याच अंशी आपण पेरणीच्या वेळीच घेत असतो.

कर्बोदके पचतात म्हणजे काय

उसाच्या पाचटाचे उदाहरण घ्या. अख्खे पाचट सरीत पसरले तर कुजायला महिने लागतात. तेच कुट्टी करून टाकले तर सूक्ष्मजीवांना जास्त पृष्ठभाग मिळतो आणि ते लवकर कुजते. पोटातही असेच घडते. धान्यातले पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. दाणा जितका बारीक दळला, जितका जास्त शिजवला आणि कोंडा जितका काढून टाकला, तितक्या या साखळ्या लवकर तुटतात आणि साखर रक्तात झपाट्याने येते. कोंडा, तंतुमय भाग, प्रथिने आणि थोडे स्निग्ध पदार्थ मध्ये असतील तर हीच क्रिया सावकाश होते.

अन्न खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते हे मोजण्यासाठी ग्लायसेमिक निर्देशांक वापरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात भरडधान्यांचा सरासरी निर्देशांक ५३ च्या आसपास, तर पॉलिश तांदूळ व मैद्याचा ७० च्या वर आढळला. फरक मोठा आहे. पण निर्देशांक ठरवताना ठरावीक कर्बोदके असलेलाच घास दिला जातो, तिथे चार भाकरी नसतात. शिवाय तेच धान्य कसे शिजवले यावरही हा आकडा बदलतो. नाचणीची जाडसर भाकरी आणि गाळलेल्या नाचणी सत्त्वाची पातळ पेज, दोन्ही नाचणीच, पण रक्तात पोहोचण्याचा वेग वेगळा.

पीकनिहाय थोडे तपशील

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांची घटकसारणी प्रसिद्ध केली. तिच्यातले आकडे दर १०० ग्रॅम कच्च्या धान्यासाठी, पूर्णांकात असे आहेत:

पॉलिश तांदूळ: कर्बोदके ७८, तंतू ३, प्रथिने ८ ग्रॅम
मैदा: कर्बोदके ७४, तंतू ३, प्रथिने १० ग्रॅम
गव्हाची कणीक: कर्बोदके ६४, तंतू ११, प्रथिने ११ ग्रॅम
ज्वारी: कर्बोदके ६८, तंतू १०, प्रथिने १० ग्रॅम
बाजरी: कर्बोदके ६२, तंतू ११, प्रथिने ११ ग्रॅम
नाचणी: कर्बोदके ६७, तंतू ११, प्रथिने ७ ग्रॅम

हे आकडे पाहून शेतकऱ्यांना दोन गोष्टींचे आश्चर्य वाटते. एक, न चाळलेली कणीक ज्वारीपेक्षा फार मागे नाही. खरा फरक कणीक आणि मैदा यांच्यात आहे, म्हणजे एकाच दाण्यातून काय काढून टाकले त्यात. दुसरी, कर्बोदकांच्या बाबतीत कोणतेही धान्य 'हलके' नाही. सगळी धान्ये साठ ते ऐंशीच्या दरम्यानच आहेत.

ज्वारीचे वैशिष्ट्य असे की तिच्यातले काफिरिन नावाचे प्रथिन पिष्टकणांभोवती घट्ट बसलेले असते आणि शिजल्यावर आणखी घट्ट होते. त्यामुळे पचन जरा सावकाश होते. पण याच कारणाने तिची प्रथिनेही पूर्ण पचत नाहीत, आणि लायसिन हे अमिनो आम्ल तर तिच्यात कमीच असते. भाकरी-चटणीवर भागवणाऱ्या घरात प्रथिनांची उणीव राहते ती यामुळे. खरिपाच्या ज्वारीबाबत एक सावधगिरी: काढणीच्या वेळी पावसात भिजून काळी पडलेली, बुरशी लागलेली ज्वारी घरी खायला ठेवू नका. चांगला माल बाजारात आणि काळा घरात ही सवय अनेक गावांत दिसते. बुरशीतली विषारी द्रव्ये भाकरी भाजल्याने नाहीशी होत नाहीत.

बाजरीत स्निग्ध पदार्थ ५ टक्क्यांहून जास्त असतात, म्हणून ती पोट धरून ठेवते. लोहासाठी घरच्या खाण्याला 'धनशक्ती' हा वाण जरूर पाहा. इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून २०१२ मध्ये तो महाराष्ट्रात आला. त्याच्या दाण्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. बाजरीच्या भाकरीसोबत लिंबू किंवा आवळा घेतला तर हे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र त्यातले बरेच वाया जाते.

नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. दुसरे कोणतेही मुख्य धान्य त्याच्या जवळपास नाही. मोड आणून, वाळवून दळली तर खनिजे अधिक उपलब्ध होतात. पण मोड आल्यावर पिष्टाचा काही भाग साखरेत बदलतो, हे मधुमेही माणसाने लक्षात ठेवावे. लहान मुलासाठी जे उत्तम, ते आजोबांसाठी तितकेच उत्तम असेल असे नाही.

गव्हात खपली हा जुना प्रकार सांगली, सातारा, कोल्हापूर भागात टिकून आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस २९७१ हा बुटका वाण त्याच प्रकारातला. खपलीचे टरफल दाण्याला चिकटून असते, म्हणून मळणीनंतर ते वेगळे काढावे लागते आणि खर्च वाढतो. ती सावकाश पचते. मात्र खपलीत ग्लुटेन नसते असे सांगून कोणी विकत असेल तर ते खोटे आहे. ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांनी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांवरच राहावे.

भाताचे काय? कोकणी किंवा मावळातल्या वाचकाला भात सोडा असे सांगणे मला पटत नाही. भात ज्या जमिनीत पिकतो तिथे तो खाल्ला जाणारच. प्रश्न पॉलिशचा आहे. साळीचे तूस काढल्यावर राहणाऱ्या दाण्यावरचा कोंडा पांढऱ्याशुभ्र तांदळासाठी पूर्ण खरवडला जातो. घरच्या साळी भरडायला नेताना कमी पॉलिशची मागणी करा. कमी पॉलिशचा तांदूळ मात्र दोन-तीन महिन्यांपुरताच काढा, कारण कोंड्यातले तेल खवट होते. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ हाही चांगला पर्याय आहे. साळी तुसासकट उकडल्याने कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि पॉलिशनंतरही बरेचसे टिकते.

धान्य बदलले तरी ताट तेच

वरच्या काकांचा अनुभव एकट्याचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीत सुमारे १ लाख २१ हजार प्रौढांची माहिती घेतली गेली. तिच्यातील आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीय माणसाची सुमारे ६२ टक्के ऊर्जा एकट्या कर्बोदकांतून येते. पांढऱ्या तांदळाच्या जागी तेवढेच गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतले, पण एकूण कर्बोदके कमी केली नाहीत, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. कर्बोदकांतली थोडी, म्हणजे एकूण ऊर्जेच्या ५ टक्के एवढी जागा डाळी-कडधान्ये किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांनी घेतली तेव्हा धोका कमी दिसला. ही एका वेळची पाहणी आहे, तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

या आकडेवारीत आपण शेतकरी म्हणून स्वतःला वेगळे समजतो. 'राबणाऱ्याला साखर होत नाही' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले आहे. माझे वडील औत हाकायचे तेव्हा पाच भाकरी खात आणि ते खरेही होते. पुढे ट्रॅक्टर आला, मळणी यंत्र आले, ठिबक आले, शेतावर जायला मोटारसायकल आली. भाकरी मात्र पाचच राहिल्या. साठाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. ऊसतोडणी, खुरपणी, भात लावणी करणाऱ्यांना आजही जास्त ऊर्जा लागते, त्यांच्या ताटातली भाकरी कमी करण्याचे कारण नाही. स्वतःचे काम किती उरले आहे हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे पाहावे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही पुरेसे आहे. २५० ग्रॅम धान्य म्हणजे काकूंच्या हातच्या जेमतेम पावणेतीन भाकरी, त्याही दिवसभरात. आपल्या ताटात उणीव असते ती डाळीची आणि भाजीची. पातळ आमटीच्या वाटीत डाळ किती असते हे एकदा कच्ची डाळ मोजून पाहिले की कळते.

शेतातले आंतरपीक ताटातही

बाजरी दोन ओळी आणि तूर एक ओळ, किंवा खरीप ज्वारी चार ओळी आणि तूर दोन ओळी, या शिफारशी आपण जमिनीच्या सुपीकतेसाठी आणि जोखीम वाटली जावी म्हणून करतो. ताटातही ही जोडी तितकीच चोख बसते. तृणधान्यात लायसिन कमी, कडधान्यात भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, तृणधान्यात पुरेसे. भाकरी-पिठले, भात-वरण, बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. वर कडधान्यातले तंतू आणि प्रथिने भाकरीतल्या पिष्टाचा वेगही आवरतात.

खानदेशातली कळण्याची भाकरी हे याचे सर्वांत सोपे रूप. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळायचे. चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद असे प्रमाण धरले तर पिठातली प्रथिने १० वरून साडेबारा टक्क्यांपर्यंत जातात आणि कर्बोदके ६८ वरून सुमारे ६३ वर येतात. यासाठी ना वेगळा पदार्थ करावा लागतो, ना बाजारातले महागडे 'मल्टिग्रेन' पीठ आणावे लागते. विस्तार कार्यकर्त्यांनी महिला गटांच्या बैठकीत दाखवावे असे प्रात्यक्षिक मला विचाराल तर हेच. शेजारी वजनकाटा ठेवून प्रत्येकीला आपल्या एका भाकरीचे पीठ तोलायला सांगा. काटा जे सांगतो ते तक्त्याने पटत नाही.

जेवताना आधी भाजी-कोशिंबीर आणि उसळीचे चार घास, मग भाकरी किंवा भात असा क्रम ठेवला तर साखर कमी वेगाने चढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचाही चांगला उपयोग होतो. शिळ्या भाकरीत किंवा गार झालेल्या भातात पिष्टाचा थोडा भाग न पचणारा बनतो हे खरे, पण हा फायदा लहान आहे. त्यासाठी उन्हाळ्यात रात्रभर उघडा राहिलेला भात खाऊन पोट बिघडवून घेऊ नका.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी धान्य एकदम कमी करू नये, साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलावे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डाळीचे प्रमाणही विचारूनच वाढवावे.

ताटाबाहेरची कर्बोदके

भाकरीचा हिशेब करताना चहा सुटतो. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. शेतावर दिवसाला पाच कप झाले की ५० ग्रॅम, जवळपास २०० किलोकॅलरी, आणि त्यात तंतू शून्य. जागतिक आरोग्य संघटनेने २,००० किलोकॅलरीच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती एवढीच आहे, आणि ती आपली चहातच संपते. गूळ घातला म्हणून हिशेब बदलत नाही. गुळात थोडी खनिजे असतात, पण बाकी बहुतांश साखरच. ऊस उत्पादकांना हे वाचून राग येईल, पण गुऱ्हाळावरच्या रसात काय असते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

नाचणीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या पुड्यामागचे घटक वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला शब्द मैदा किंवा गव्हाचे परिष्कृत पीठ असेल तर नाचणी फक्त नावापुरती आहे.

उपवासाचा साबुदाणा तर धान्यच नाही. तमिळनाडूत सेलमच्या आसपास पिकणाऱ्या कसावाच्या कंदातून काढलेले ते जवळजवळ शुद्ध पिष्ट. खिचडीत जे काही पोषण असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे. भगर निदान दाणा तरी आहे. भगरीसोबत दाण्याची आमटी आणि ताक घेतले तर उपवासाचे ताट बरे होते.

आणि हुरडा? दुधाळ अवस्थेतल्या ज्वारीत साखर जास्त असते, म्हणूनच तो गोड लागतो. वर्षातून चार वेळा खायला कोणाची हरकत नाही, पण हुरड्यावर भाकरीचे जेवण पुन्हा नको.

दळण आणि साठवण

कोंडा चाळून गुरांना घालण्याची सवय सोडा. गुरांसाठी कडबा आहे. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणा. त्यातले तेल लवकर कडवट होते, आणि 'बाजरी कडू लागते' म्हणून घरातली मुले ती सोडतात ती बहुधा शिळ्या पिठामुळे. ज्वारीचे पीठही जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि मग सुनबाई चपातीकडे वळते. साठवणीच्या ज्वारीत ओलावा १० ते १२ टक्क्यांवर नको. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे.

घरच्या ज्वारीसाठी किती क्षेत्र

पाच माणसांच्या घराला दिवसाला सव्वा किलो धान्य धरले तर वर्षाला साधारण साडेचार क्विंटल लागते. त्यातली निम्मी ज्वारी म्हणजे सव्वादोन क्विंटल. मध्यम जमिनीत कोरडवाहू रब्बी ज्वारीचे एकरी चार ते साडेचार क्विंटल उत्पादन धरले तरी वीस ते तेवीस गुंठे पुरतात. कडबा वेगळा मिळतो. उरलेले धान्य रेशनच्या गहू-तांदळातून भागते. डाळीसाठी वर्षाला दीड क्विंटलच्या आसपास कडधान्य लागते. ते तूर, हरभरा, मूग, मटकी असे वाटून घ्या, म्हणजे एखादे पीक गेले तरी ताट रिकामे राहत नाही.

वाण जमिनीनुसार निवडा. हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी जमिनीत कोरडवाहूसाठी फुले वसुधा किंवा परभणी मोती, आणि पाणी देता येत असेल तर फुले रेवती. भाकरीची चव ज्याला महत्त्वाची त्याने मालदांडीच घ्यावी, मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळाले ते उगीच नाही. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात. एकरी चार किलो बियाणे पुरते, म्हणजे वीस गुंठ्यांना दोन किलो. काणी टाळण्यासाठी किलोमागे ४ ग्रॅम ३०० मेश गंधक चोळा. पसंतीचा वाण ऐन पेरणीच्या आठवड्यात मिळत नाही असा दरवर्षीचा अनुभव आहे, तेव्हा घरच्या खाण्याचे हे दोन किलो पोळ्याच्या आसपासच आणून ठेवा.